मोजे, टोपडं आणि उरलेली थंडी

महाराष्ट्रात राहून पूर्ण बाह्यांचा स्वेटर विणायला घेणं म्हणजे थंडीशी पैज लावणं, आणि ही पैज दरवर्षी थंडीच जिंकते. दिवाळीचा फराळ संपेपर्यंत लोकरीची आठवण कुणाला होत नाही. मार्गशीर्षात कधीतरी टाके सुईवर चढतात. पाठ होते, संक्रांतीच्या गडबडीत पुढचा भाग रखडतो आणि गळ्याचे टाके उचलेपर्यंत रथसप्तमी येते. बाह्यांची वेळ होते तेव्हा तो लोकरीचा ढीग मांडीवर घेऊन बसवत नाही, इतकं ऊन तापलेलं असतं. बिनबाह्यांच्या स्वेटरची पद्धत असल्याच रखडलेल्या स्वेटरांतून पडली असावी, अशी मला दाट शंका आहे.

म्हणून माघ लागला की मी मोठ्या कामाला हात घालत नाही. टोपडं, पायमोजे, बाळाचे बोटं नसलेले हातमोजे, फार तर एखादं बिनबाह्यांचं झबलं. एका गुंड्यात होईल तेवढंच. मोठ्या माणसाच्या स्वेटरला चारशे-पाचशे ग्रॅम लोकर सहज लागते. टोपडं पंचवीस-तीस ग्रॅममध्ये उरकतं. म्हणजे आधीच्या कामांतून उरलेले, कपाटाच्या तळाशी पडलेले रंगीबेरंगी शेवट बाहेर काढायचा हा महिना. नवी लोकर आणायला जायचं नाही, हा माझा नियम. तो मी पाळते असं नाही.

आमच्या नाशिकची माघातली थंडी दुतोंडी असते. पहाटे गोधडी सोडवत नाही आणि दुपारी पंखा लावायचा की नाही यावरून घरात वाद होतात. शेजारच्या निफाडला तर महाराष्ट्रातल्या नीचांकी तापमानाच्या बातम्यांचा मानच असतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा किती उतरला हे पौषात रोज पेपरात येतं. गव्हाला ती थंडी हवी असते, द्राक्षाला नको असते, आणि पुष्कळदा दोन्ही पिकं एकाच शेतकऱ्याची असतात. रात्री बागेत शेकोट्या पेटवून त्यानं जपलेले घड माघ-फाल्गुनात बाजारात येतात, तेव्हा माझं विणकाम गच्चीवरून गॅलरीत आलेलं असतं. पौषात ऊन शोधत वर जायचं, माघात सावली धरून खाली बसायचं, एवढाच काय तो फरक.

समोर बदामाचं झाड आहे. थंडीच्या शेवटी त्याची पानं लालभडक होऊन पडतात. झाडणाऱ्या बाईचा जीव मेटाकुटीला येतो आणि मला मात्र ते रंग लोकरीत मिळत नाहीत याची चुटपुट लागते. पलीकडच्या आवारातला आंबा मोहरलेला असतो. मोहराचा वास सकाळी नऊपर्यंत येतो, मग उन्हानं विरतो. विणायला खरा उजेडही त्याच वेळात मिळतो. गडद निळ्या किंवा काळ्या लोकरीचा टाका दिव्याखाली नीट दिसत नाही, म्हणून गडद कामं सकाळी आणि पांढरी, पिवळी कामं संध्याकाळी, अशी माझी वाटणी आहे.

विणकाम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बर्फ आणि शेकोटी येते. इतिहास मात्र निराळा आहे. दोन सुयांच्या विणकामाचे जे जुन्यात जुने नमुने आज संग्रहालयांत जपलेले आहेत, त्यांतले बरेचसे इजिप्तमधले पायमोजे आहेत, साधारण आठशे-हजार वर्षांपूर्वीचे. ते आहेत सुताचे! पांढऱ्या सुतावर निळीची नक्षी. वाळवंटाच्या देशात, नाईलच्या काठी बसून कुणीतरी सुती मोजे विणत होतं, तेव्हा पश्चिमेकडच्या थंड मुलखांत हे तंत्र अजून नीटसं रुजलंही नव्हतं. हे कळल्यापासून होळीनंतरही माझ्या हातात सुया दिसल्या आणि कुणी हसलं, तर मी निवांत असते.

आपल्या मातीची लोकर तर सुयांवर चढतच नाही. दख्खनी मेंढीची लोकर आखूड आणि राठ. वर्षातून दोनदा मेंढ्या कातरायच्या, लोकर पिंजून सूत काढायचं, त्याला चिंचोक्याची खळ द्यायची आणि खड्ड्याच्या मागावर घोंगडी विणायची, ही आपली रीत. घोंगडी पावसात टिकते, रानात अंथरता येते, पण तीच लोकर बाळाच्या कानाला लावली तर ते टाहो फोडेल. आपल्याकडच्या पिशव्यांतून निघते ती मऊ लोकर लुधियानाकडची, आणि खरं सांगायचं तर तिच्यात लोकर कमी आणि अ‍ॅक्रिलिक जास्त. सुयाही साहेबाच्या. दोन सुयांचं विणकाम आपल्याकडे घराघरांत पोचलं ते मुख्यतः मिशनरी शाळांतून आणि मडमांकडून, आणि सुयांचे नंबर अजूनही जुन्या इंग्रजी पद्धतीचे आहेत: नंबर वाढला की सुई बारीक. आठ नंबरची जाड, बारा नंबरची बारीक. नव्यानं शिकणारी प्रत्येक मुलगी इथं एकदा गोंधळते.

1962 साली चीनशी युद्ध झालं तेव्हा देशभरातल्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर आणि मोजे विणले. आई सांगायची, तिच्या वाड्यात एकीला विणता येत होतं आणि आठवडाभरात सगळ्यांना यायला लागलं. थंडी त्यांच्या अंगणातली नव्हती, लडाखची आणि नेफाची, म्हणजे आजच्या अरुणाचलची होती. ती किती असते याचा अंदाज नसलेल्या बायका अंदाजानं विणत होत्या. आईचं मत होतं की त्या मोज्यांत एकाही जवानाचा पाय नीट बसला नसेल. तरी ती हे मोठ्या अभिमानानं सांगायची.

माप ठाऊक नसताना विणणं बाळंतविड्यालाही चुकत नाही. ज्याचं डोकं अजून कुणी पाहिलेलं नाही त्याचं टोपडं करायचं! सुदैवानं नवजात बाळं या बाबतीत फारशी लहरी नसतात. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण तेहतीस ते पस्तीस सेंटीमीटर असतो. दहा नंबरच्या सुया आणि चार पदरी लोकर घेतली, तर माझ्या हाताला 10 सेंटीमीटरमध्ये 28 टाके बसतात. टोपडं जरा ताणून बसावं लागतं, म्हणून बत्तीस सेंटीमीटर धरायचे, म्हणजे झाले 90 टाके. कडेला एक सुलट एक उलट अशी बोटभर पट्टी, मग साधी वीण, मग वरच्या बाजूला दोन टाक्यांचा एक करत करत आवळून टाकायचं. दोन संध्याकाळींचं काम.

टोपड्याचा आग्रह आज्या उगीच धरत नव्हत्या. तान्ह्या बाळाला आपल्यासारखी हुडहुडी भरत नाही. खांद्यांच्या पाकांमध्ये आणि मानेभोवती त्याच्याकडे एक खास तपकिरी चरबी असते, ती जाळून ते अंगात ऊब तयार करतं. आणि त्याच्या अंगाच्या मानानं डोकं इतकं मोठं असतं की कातडीचा जवळपास पाचवा हिस्सा तिथंच येतो. डोकं उघडं राहिलं की कमावलेली ऊब तिथून निघून जाते. दवाखान्यात बाळ जन्मलं की त्याला पुसून पहिल्याप्रथम टोपी घालतात ती यासाठी. आजीला तपकिरी चरबी माहीत नव्हती, तिला टाळू माहीत होती.

पायमोज्यांना असं कुठलं मोठं शास्त्र नाही. बाळ ते लाथा मारून काढून टाकतं, हेच त्यांचं शास्त्र. पण विणायला त्यांच्याइतकं सुंदर दुसरं काही नाही. 40 टाके घालायचे, तेही सैल हातानं, नाहीतर कड पोटरीत रुतते. दोन इंच एक सुलट एक उलट. मग जाळीची एक ओळ: दोरा सुईवर घ्यायचा, दोन टाक्यांचा एक करायचा, असं ओळभर, त्या भोकांतून पुढे रेशमी फीत ओवायची असते. इथपर्यंत ही नुसती नळी होणारी पट्टी आहे, तिच्यात पाय कुठंच नाही. मग कडेचे तेरा-तेरा टाके बाजूला ठेवायचे आणि मधले चौदाच पुढे विणत न्यायचे. एक जीभ बाहेर आल्यासारखी दिसते. वीसेक ओळी झाल्या की जिभेच्या दोन्ही कडांवरून दहा-दहा टाके उचलायचे आणि बाजूला ठेवलेल्यांना पुन्हा पंगतीत घ्यायचं. सुईवर साठ टाके येतात. एक-दोन ओळींतच तळहातावर एक पाऊल उभं राहतं. टाच आहे, चवडा आहे. मी हे किती वेळा केलंय याची मोजदाद नाही, तरी त्या ओळीला हात थांबतो आणि मी ते घरातल्या कुणाला तरी दाखवते. घरातले पेपर वाचत "हं" म्हणतात.

पुढचं काम सोपं. सगळ्या ओळी सुलट, मग तळव्याला टाके कमी करत मिटवायचे आणि मागची शिवण. लगेच दुसरा मोजा सुईवर चढवायचा. इथं आळस केला तर एकटा मोजा वर्षभर डब्यात पडून राहतो आणि तोवर बाळ चालायला लागतं.

एलिझाबेथ झिमरमन नावाची एक थोर विणकर बाई होऊन गेली. जन्म इंग्लंडातला, संसार अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचा. 1974 साली तिचं 'निटर्स अल्मनॅक' हे पुस्तक आलं, दर महिन्याला एक प्रकरण. जानेवारीत तिनं वेण्यावेण्यांचा भरगच्च अरन स्वेटर दिलाय आणि फेब्रुवारीत बाळाचे कपडे. तिच्याकडे फेब्रुवारीत दाराबाहेर बर्फ साचलेलं असणार, थंडी आणखी कितीतरी दिवस पुरणारी. तरी तिलाही याच महिन्यात छोटं काम सुचलं. एक मोठं काम हातावेगळं झालं की कुणालाही पटकन संपणारं काहीतरी हवं असतं, मग बाहेर बर्फ असो की आंब्याचा मोहर.

शिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत निघून जाते, अशी म्हण आहे. तिच्या आगेमागेच तिबेटी स्वेटरवालेही जातात. दिवाळीच्या सुमारास महाराष्ट्राच्या गावोगावी ते पाल टाकतात. त्यांच्यातले पुष्कळजण कर्नाटकातल्या बैलकुप्पे, मुंडगोडच्या वसाहतींतले, आणि माल बहुतेक लुधियानाचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांचं नवं वर्ष, लोसार येतं. त्याआधी घरी पोचायचं असतं. नाशिकला शरणपूर रोडवर त्यांचं कायमचं मार्केट आहे, तिथंही या दिवसांत स्वेटर मागं सरकतात आणि टी-शर्ट पुढं येतात. शरणपूर म्हणजे मिशनऱ्यांनी वसवलेली वस्ती, हे तिथून जाताना मला आठवतं आणि सुयांचे ते उलटे नंबरही.

होळीपर्यंत मीही लोकर आवरते. कडुनिंबाचा पाला, वर डांबराच्या गोळ्या, आणि सुती दोऱ्याचे गुंडे बाहेर. सुताची तऱ्हा वेगळी. लोकर ताणली की परत जागेवर येते, सूत येत नाही. त्याची एक सुलट एक उलट पट्टी दोन धुण्यांत सैल पडते, म्हणून सुती टोपडं चार-सहा टाके कमी घेऊन विणावं लागतं. बोटंही जास्त दुखतात, कारण दोरा स्वतःहून काही देत नाही. मात्र घामाला सूत बरं. खरी लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकी ओल शोषूनही ओली लागत नाही, तीही बरी. वाईट ते अ‍ॅक्रिलिक, आणि घरोघरी आहे तेच.

यंदा हा सगळा विचार कामाला आला. भाची नागपूरला असते, तिला वैशाखातले दिवस आहेत. मी टोपड्याचं म्हटलं तर ती ओरडलीच, "मावशी, मे महिन्यात नागपुरात लोकर? पारा पंचेचाळीसवर जातो इथं. बाळ उकडून निघेल ना गं!" म्हटलं बरं, सुताचं करते. चार दिवसांनी तिचाच फोन. दवाखान्यातली खोली बघून आली होती. "अगं, तिथं एसी इतका मोठा ठेवतात की मलाच शाल घ्यावी लागली. तू लोकरीचंच कर. एक सुताचंही कर, घरी आल्यावर घालायला."

"आणि मोजे?"

"मोजे लोकरीचे. रंग कुठलाही घे, फक्त पिवळा नको."

"का गं?"

"मुलगा की मुलगी हे कायद्यानं कुणाला कळायचं नाही, म्हणून सगळ्यांनी पिवळंच विणलंय. सासूबाईंनी पिवळं, आत्यानं पिवळं, शेजारच्या काकूंनी पिवळं. कपाट उघडलं की हळदीचा कार्यक्रम असल्यासारखं वाटतं."

माझ्याकडे उरलेल्यांत नेमकी पिवळीच जास्त आहे. पण मागच्या वर्षीच्या मफलरची पोपटी अर्धा गुंडा निघाली. 90 टाके त्यात होतात का ते आज वजन करून बघते. नाहीतर कड तेवढी पिवळी लावीन. एवढं ती चालवून घेईल.