बाईचा दिवा



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मध्यंतरी डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळे स्क्रीनकडे बघायला बंदी होती. आता बरं आहे.

नोव्हेंबर म्हणजे आम्हा पेन्शनरांचा परीक्षेचा महिना. हयातीचा दाखला द्यावा लागतो. आपण अजून आहोत हे दरवर्षी सिद्ध करायचं! २०२१ पासून मोबाईलसमोर चेहरा धरूनही हे काम होतं. म्हणून गेल्या नोव्हेंबरात म्हटलं, वाशिमला खेप कशाला घाला, घरीच करू. नातवाने ॲप घ्यायला सुरुवात केली तर फोन म्हणे, जागा नाही.

"आजोबा, काय भरून ठेवलंय हे?"

बघतो तर हलणारी चित्रं. दव टपकणारा गुलाब, वाफाळता चहा, लुकलुकणारी समई, पंख मिटणारं-उघडणारं फुलपाखरू. सगळ्यांवर 'शुभ सकाळ'. चौऱ्याहत्तर वर्षांत मला एवढी फुलं कुणी दिली नव्हती!

हा आजार माझ्या एकट्याचा नाही, बरं का. जानेवारी २०१८ मध्ये वर्तमानपत्रांत आलं होतं की भारतातले फोन सारखे का अडकतात याचा गूगलच्या लोकांनी शोध घेतला, तेव्हा या सकाळच्या शुभेच्छाच सापडल्या.

मास्तरकी अंगात असल्यामुळे ही चित्रं इतकी जड का, हे समजून घेतलं. लहानपणी आपण वहीच्या कोपऱ्यावर प्रत्येक पानावर थोडा थोडा वेगळा माणूस काढायचो आणि पानं फर्रकन सोडली की तो पळायचा. 'जिफ' म्हणजे तेच. हा प्रकार १९८७ सालचा, एका अमेरिकन कंपनीने काढलेला. त्यात एका चित्रात जास्तीत जास्त २५६ रंग. आता गणित करा. चित्र ४०० बाय ४०० ठिपक्यांचं असेल तर ठिपके झाले १,६०,०००. हलण्यासाठी अशी २० चित्रं, म्हणजे ३२ लाख ठिपके. एका ठिपक्याला एक बाइट धरला तरी तीन एमबीच्या वर. एकसारखा रंग सलग असला तर ते दाबून लहान करता येतं, पण चमचम असली की शेजारच्या दोन ठिपक्यांचंही जमत नाही. म्हणून जितकी चमचम, तितकं वजन. ऑर्कुटच्या काळात (ते २०१४ साली बंद झालं) पुतण्याने पाठवलेला असा एक चकाकता गणपती सोंडेपर्यंत यायला चहा पिऊन व्हायचा.

व्हॉट्सॲप आता जिफचा छोटा व्हिडिओ करून पाठवतं. व्हिडिओत दर वेळी सगळं चित्र साठवत नाहीत, मुख्यतः जे बदललं तेवढंच साठवतात, म्हणून वजन बरंच उतरतं. पण रोज वीस-पंचवीस आली तर व्हायचं ते होतंच.

असो. तर मी काय केलं, सगळी चित्रं एका दमात पुसली. दाखल्याचं काम झालं. आणि मग नातेवाइकांच्या ग्रुपवर नोटीस लावली. 'यापुढे कोणीही हलणारी चित्रे पाठवू नयेत. इतरांचे फोन बंद पडतात.' मास्तर निवृत्त होतो, त्याची लाल शाई होत नाही.

ग्रुप शांत झाला. मला बरं वाटलं.

आठ-दहा दिवसांनी सकाळी चहा घेताना चुकल्यासारखं वाटलं. बाईचा दिवा येत नव्हता.

बाई म्हणजे माझी थोरली बहीण. रिसोड तालुक्यात असते. ब्याऐंशीची आहे. रोज पहाटे साडेपाचला तिचा एकच ठरलेला दिवा यायचा, हलत्या ज्योतीचा. मी कधी उत्तर दिल्याचं आठवत नाही. फोन लावला.

"बाई, बरी आहेस ना? तुझा दिवा येत नाही."

"तूच म्हनलं ना, हालतं काई पाठवू नका. पोट्ट्यानं वाचून दाखवलं."

"अगं, मग साधं काहीतरी पाठवायचं."

"मले काय लिवता येते बापा? थो दिवा दाबला म्हंजे तुले समजते का बाई उठली."

मी काही बोललो नाही. बाई शाळेत गेली नाही, कारण आई रोजाने कामाला जायची आणि घरी मला कडेवर घ्यायला कोणी नव्हतं. त्या कडेवरून उतरून मी शाळेत गेलो, बी.ए. झालो, पोरांना आयुष्यभर अक्षरं शिकवली. बाईला शिकवायचं सुचलं नाही. आणि तिला येत होतं तेवढं एक अक्षरही मीच नोटीस लावून बंद केलं. सरकारला हयातीचा दाखला दिला त्याच दिवशी मी बाईचा नाकारला होता.

त्या रविवारी एसटीने तिच्याकडे गेलो. फोनवर माइकचं चित्र कुठे आहे, ते दाबून कसं धरायचं, बोलून झालं की कसं सोडायचं, हे दाखवलं. चौथ्या वेळेला जमलं. दहा सेकंदांचा आवाज थोड्याशा केबीत मावतो. एका हलत्या फुलाच्या वजनात अशा कितीतरी सकाळी बसतील.

ग्रुपवरची नोटीस मागे घेतली. तुमच्यापैकी कुणाचा फोन अडकत असेल तर माणसांना बोलू नका, सेटिंग बदला. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज आणि डेटा असं आहे, तिथे फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करता येतं. मग जे हवं त्यालाच बोट लावायचं. तिथेच पाच एमबीच्या वरचं आणि पुष्कळदा फॉरवर्ड झालेलं वेगळं काढून दाखवतात. तिथून पुसा, पण कोणी पाठवलंय ते बघून पुसा. मी न बघता पुसलं.

आता पहाटे बाईचा आवाज येतो. "भाऊ, उठला का रे?" मागे कोंबडा आरवत असतो. मीही माइक दाबून सांगतो, उठलो.

परवा दर्श अमावास्येला तिने पुन्हा दिवा पाठवला. बोट लावून उतरवून घेतला. तो ठेवलाय.