डाव्या पायाचे माप

चाकणच्या औद्योगिक वसाहतीत मी बावीस वर्षे मोल्डिंग मशीनवर काढली. प्लास्टिकची कुठलीही वस्तू हाती आली की आधी वाकवून पाहायची, जोड कुठे आहे ते चाचपायचे, अशी सवयच जडून गेली. ही सवय समुद्राच्या कामी येईल असे मात्र कधी वाटले नव्हते. समुद्र आमच्यासाठी घाटापलीकडचा. आमचे पाणी म्हणजे भामा नदी आणि शेतातली विहीर.

माझ्या लेकीला स्कूबा डायव्हिंग शिकायचे होते. मालवणजवळ तारकर्लीला २०१५ पासून महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची प्रशिक्षण संस्था आहे, हे तिनेच शोधून काढले. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली मुलगी. पाण्याची भीती तिला नव्हतीच. पण तीन वर्षांपूर्वी तळेगाव चौकाजवळ दुचाकी घसरली आणि तिचा डावा घोटा मोडला. हाड जुळले, डॉक्टरांनी पाण्यात उतरायला परवानगीही दिली. तरी दिवसभर उभे राहिले की संध्याकाळी तो पाय सुजतो. तिची अम्मी म्हणाली, "ज्या पायाला जिना सोसत नाही, त्याला समुद्र कसा सोसेल?"

प्रश्न रास्त होता. पाण्याखाली पुढे सरकायचे ते पायांच्या जोरावर, आणि तो जोर पाण्यापर्यंत पोचवतात पायात घातलेले फिन्स. संस्थेत फिन्स मिळतात, परंतु या पायासाठी स्वतःची जोडी असावी असे आम्ही ठरवले.

पुण्यातल्या एका दुकानात विक्रेत्याने सर्वांत लांब आणि कडक जोडी पुढे केली. म्हणाला, "याला वेग जबरदस्त." वेग असेलही. पण पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट असते. पाते जितके मोठे आणि कडक, तितके जास्त पाणी ते ढकलणार, आणि तितकाच भार घोट्यावर व पोटरीवर येणार. पाय थकला की श्वास वाढतो आणि सिलिंडरमधली हवा लवकर सरते. बेंजामिन फ्रँकलिनने लहानपणी हातांना लाकडी फळ्या धरून पोहून पाहिले होते. वेग वाढला, पण मनगटे दुखू लागली, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. फ्रान्सच्या नौदलातल्या लुई द कोर्लिय या अधिकाऱ्याने रबरी फिन्सचे पेटंट घेतले ते १९३३ साली. मधल्या काळात माणसाचे सांधे काही बदलले नव्हते.

फार मऊ पातेही उपयोगाचे नाही. प्रवाह समोरून आला की ते नुसतेच लवते, माणूस जागीच राहतो. मी एकेक पाते टोकाला धरून वाकवले. मधल्या ताठरपणाचे, मुळाशी घट्ट आणि टोकाकडे लवणारे, सोडताच सरळ होणारे एक सापडले. पाते पॉलिप्रॉपिलीनचे आणि पायाची खोबण मऊ रबरासारख्या प्लास्टिकची, दोन्ही एकजीव केलेली. असे दुहेरी मोल्डिंग गाड्यांच्या भागांसाठी आमच्या चाकणलाही होते. पॉलिप्रॉपिलीनची घनता ०.९ आणि समुद्राच्या पाण्याची साधारण १.०२५, म्हणजे हे पाते पाण्यात पाय खाली ओढणार नाही. निव्वळ रबराचे फिन्स जड असतात. जाड सूट घालणाऱ्याचे पाय वर तरंगतात, त्याला ते वजन सोयीचे. कोकणच्या कोमट पाण्यात आम्हाला नको होते.

आता खोबण. एक प्रकार बुटासारखा, टाचेसह पूर्ण पाय आत घेणारा. हलका, स्वस्त, अनवाणी पायावर घालायचा. पण त्याचे माप एकच, आणि लेकीचा डावा पाय सकाळी एका मापाचा तर संध्याकाळी दुसऱ्या. म्हणून टाच उघडी असलेला, मागे पट्टा असलेला प्रकार घेतला. त्यात निओप्रीनचे बूट घालावे लागतात. खडकावर आणि बोटीच्या शिडीवर घोट्याला तेवढाच आधार. मापही ते बूट घालूनच पाहिले. बोटे हलली पाहिजेत, पाऊल आत सरकता कामा नये, पाय झटकला तर फिन जागचा हलू नये. पट्टा स्प्रिंगचा घेतला, सुजेप्रमाणे तो आपोआप सैल होतो.

उरली लाथ मारायची रीत. विहिरीत आपण गुडघे दुमडून पाय झाडतो. फिन्स घातल्यावर हालचाल कमरेतून, गुडघा जवळजवळ सरळ आणि ठेका संथ. तारकर्लीला जाण्याआधी महिनाभर तिने तलावात हाच सराव केला. तळाशी जोरात पाय झाडले तर गाळ उसळतो, दिसेनासे होते, प्रवाळही मोडते. त्यामुळे तिथल्या प्रशिक्षकांनाही संथ पायच हवे असतात.

पहिल्या दिवशी समुद्रातून वर आल्यावर तिने अम्मीला फोन केला. माशांचे वर्णन नंतर; आधी म्हणाली, "अम्मी, डावा पाय काहीच बोलला नाही."

आता ते फिन्स गोड्या पाण्याने धुऊन सावलीत आडवे ठेवलेले असतात. भिंतीला टेकवून उभे केले तर पाते कायमचे वाकते, हे मला मशीनने शिकवलेले. धाकट्याने मागच्या आठवड्यात ते मागितले. त्याचा पाय नऊ नंबरचा, घोटे दणकट. म्हणालो, "हे तिच्या पायाचे आहेत. तुझे वेगळे बघू."