काळं ग्रीस

अण्णांची प्रीमियर पद्मिनी महिन्या-दोन महिन्यांनी ग्रीसिंगला जायची. चिपळूणहून कराडला, कुंभार्ली घाट चढून त्यांची सतत ये-जा असे. गाडी रॅम्पवर चढली की मिस्त्री खालून एकेक निपल पुसायचे, ग्रीसगन लावून दांडा दाबायचे. मातीने मळलेलं जुनं ग्रीस सांध्याच्या कडेने बाहेर यायचं, त्यामागून नवं, स्वच्छ ग्रीस डोकावलं की अण्णा म्हणायचे, "हां, आता पुरे." तोवर ते खाली वाकून उभे असत. त्यांच्या शेजारी मी. गाडीचं पोट बघणं ही आमच्या घरची सवय होती आणि ती मला फार लवकर लागली.

त्या पोटात मधोमध गेलेला लांब प्रोपेलर शाफ्ट मला सगळ्यांत आवडायचा. इंजिन पुढे, गाडीला ढकलणारी चाकं मागे, आणि दोघांना जोडणारा हा दांडा. अशा शाफ्टच्या सांध्यात बसतो तो क्रॉस. त्याचा स्वभाव मला पुढे इंजिनिअरिंगला असताना कळला. क्रॉस कोनात फिरू लागला की पलीकडचा दांडा एका वेगाने फिरत नाही. कोन ३० अंशांचा असेल, तर एका फेऱ्यात त्याचा वेग दोनदा सुमारे १५ टक्क्यांनी वाढतो आणि दोनदा १३ टक्क्यांनी घटतो. मागच्या चाकांच्या गाडीत हे चालून जातं, कारण तिथे कोन लहान असतो आणि दोन टोकांना नीट जुळवून बसवलेले दोन क्रॉस एकमेकांची चढउतार खोडून काढतात.

पण जे चाक वळतं त्याच चाकाने गाडी ओढायची असेल तर? स्टेअरिंग पूर्ण कापलं की कोन ४० अंशांच्या आसपास जातो. तिथे साधा क्रॉस असता तर प्रत्येक वळणावर हातात हिसके बसले असते. फोर्डमध्ये काम करणाऱ्या आल्फ्रेड झेप्पा या इंजिनिअरने १९२० च्या दशकात यावर जो सांधा काढला, तो माणसाच्या हातून घडलेल्या सुंदर वस्तूंपैकी एक आहे असं मी मनापासून मानते. आत एक खाचांचा गोळा, बाहेर खाचांचीच वाटी, मध्ये पिंजरा आणि त्यात सहा पोलादी गोट्या. दांडे कसेही वळोत, गोट्या नेमक्या त्यांच्या कोनाच्या मध्यावरच्या पातळीत राहतात, म्हणून दोन्ही बाजूंचा वेग तंतोतंत सारखा. १९५९ च्या ब्रिटिश मिनीने हा सांधा छोट्या गाड्यांत रुळवला. १४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० ची पहिली चावी दिली गेली आणि पुढची चाकं ओढणारी गाडी आपल्याकडे घरोघरी पोचली.

आमच्याकडे ती आली तेव्हा अण्णांनी सवयीने खाली वाकून निपल शोधले. एक्सलला निपल नव्हतेच. ग्रीस कारखान्यातच एकदा भरलेलं, आणि ते धरून ठेवायला रबराचा बूट, पेटीच्या भात्यासारखा घड्याघड्यांचा. प्रत्येक वळणावर एका अंगाने मिटणारा, दुसऱ्या अंगाने ताणला जाणारा. "म्हणजे आता बघायला नको?" अण्णांनी विचारलं होतं. मिस्त्री म्हणाले, "नको साहेब, आवाज आला की आणा."

हे वाक्य मला आजही पटत नाही. आवाज येतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. आधी रबराच्या घडीत बारीक चीर पडते: वयाने, उन्हाने, दगडाने, कधी उंदराने. चाक फिरताना ग्रीस त्या चिरेतून भिरकावलं जातं आणि चाकाच्या आतल्या अंगाला काळी ओली रेघ उमटते. आवाज मात्र अजून नसतो. मग पावसाचं पाणी आणि आपली तांबडी माती आत शिरते, उरलेल्या ग्रीसमध्ये मिसळून गोट्या घासू लागते. त्यानंतर कधीतरी, वळण घेताना, कट-कट-कट ऐकू येतं. म्हणजे रेघ दिसल्यापासून आवाज येईपर्यंत एक मुदत मिळते, आणि ती फक्त खाली वाकून बघणाऱ्यालाच मिळते.

माझ्या अल्टोचे दोन्ही बाहेरचे बूट फाटलेले दिसले तेव्हा मी दोन्ही बाजू स्वतः उघडायच्या ठरवल्या. दुकानदाराने विचारलं, "ताई, कोणत्या गॅरेजला पाठवू?" मी सामान पिशवीत भरून घरी आणलं.

गाडी चाकांवर उभी असतानाच हब नट सैल करायचा. त्याचा शाफ्टच्या खोबणीत ठोकलेला काठ आधी उचलायचा, मग लांब दांड्याचा पाना. मुलीने ब्रेक दाबून धरला. "आई, अजून जोरात दाबू?" "दाब." नट कुरकुरला आणि फिरला. मागच्या चाकांना दगड लावून, गाडी उचलून लोखंडी स्टँडवर बसवली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही जाऊ नये, कितीही घाई असो. गिअर ऑइल काढलं, लोअर आर्मचा बॉल जॉइंट सोडवला, हब बाहेर ओढून शाफ्ट मोकळा केला. आतलं टोक गिअरबॉक्समधून टॉमीने हलकेच उचकायचं, ऑइल सीलला धक्का न लावता. शाफ्टला धरून ओढायचं नाही; आतला तीन रोलरांचा सांधा निखळतो.

डावा एक्सल रॉकेलमध्ये धुतला. खाचांतून नखाचं टोक फिरवलं. कुठेही अडकलं नाही, गोट्या आरशासारख्या. चीर ताजी होती. बाहेरचा सांधा उघडायचा नसतो, म्हणून बूट आतल्या बाजूने चढवतात: आतल्या सांध्याचं लॉक काढायचं, रोलरांचा तिकोना शाफ्टवर होता तसाच परत बसावा म्हणून खूण करायची, तो ठोकून काढायचा आणि शाफ्टवरून नवा बूट सरकवायचा. पाकिटातलं मॉलिब्डेनमचं काळं ग्रीस बोटांनी गोट्यांच्या मागेपर्यंत भरलं. बूट पिळला गेला नाही ना ते पाहून पट्ट्या आवळल्या.

उजवीकडचं पाकीट मात्र फोडलंच नाही. तिथलं ग्रीस विटकरी रंगाचं झालं होतं, दोन बोटांत चोळलं तर खरखरायचं, आणि खाचेत नख अडकेल एवढे खड्डे पडलेले. अशा सांध्यावर नवा बूट चढवणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं. तो अख्खा एक्सलच नवा घातला. गिअरबॉक्सच्या आत त्याचं लॉक 'टक्' करून बसलं तेव्हा मुलगी टाळ्या वाजवायला लागली. गिअर ऑइल भरून, गाडी खाली घेऊन दोन्ही हब नट टॉर्क पान्याने आवळले आणि काठ ठोकले. संध्याकाळी मोकळ्या मैदानात स्टेअरिंग आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला पूर्ण कापून गोल चकरा मारल्या. काच खाली करून आम्ही दोघी ऐकत होतो. फक्त टायरखालची खडी वाजत होती.

त्याच दोन अंगांत किमतीचा हिशेबही होता. बूट, पट्ट्या आणि ग्रीस मिळून जे लागलं, त्याच्या कितीतरी पट उजव्या एक्सलला गेलं.

आता पावसाआधी आणि पावसानंतर मी स्टेअरिंग पूर्ण वळवून बॅटरीच्या उजेडात घडी न घडी बघते. ओळखीच्या गाड्या दारात लागल्या तरी नजर चाकाच्या आतल्या अंगाकडे जाते. परवा वहिनी आल्या, त्यांच्या गाडीला डावीकडे ताजी काळी रेघ होती, वळणावर आवाज अजिबात नाही. "गाडी तर छान चाललीये," त्या म्हणाल्या. म्हणूनच आत्ता करायचं, मी सांगितलं. गणपतीला गावी निघायच्या आधी ती बाजू उघडणार आहोत. बूट आणि नवं लॉक आणून ठेवलंय; गिअर ऑइल तेवढं आणायचंय.