वन-नॉर्थमधलं वन

‘वन-नॉर्थ’ हे नाव देवनागरीत लिहिलं की मला गंमत वाटते. मराठीत ‘वन’ म्हणजे जंगल. इथे मात्र तो इंग्रजी आकडा आहे. सिंगापूर विषुववृत्ताच्या साधारण एक अंश उत्तरेला आहे, म्हणून हे नाव. तुम्ही इथे आलात तर आधी बायोपोलिस, फ्युजनोपोलिस अशा काचेच्या इमारतीच दिसतील. पण जुन्या रेल्वेच्या वाटेवर, म्हणजे रेल कॉरिडॉरवर उतरलात की झाडीही भेटते.

विषुववृत्ताच्या इतक्या जवळ चक्रीवादळ सहसा येत नाही. 27 डिसेंबर 2001 ला शेजारच्या जोहोरवर आदळलेलं ‘वामेई’ हा मोठा अपवाद. इथे नेहमी येतात ती ‘सुमात्रा’ वादळं. येतात आणि तास-दोन तासांत जातात. पण 17 सप्टेंबर 2024 च्या संध्याकाळी वाऱ्याचा झोत ताशी 83 किलोमीटरपर्यंत गेला आणि बेटावर 300 हून जास्त झाडांची पडझड झाली.

आता दोन क्रियापदं नीट शिकून घ्या. झाड ‘मोडतं’, तेव्हा खोड तुटतं, मुळं जमिनीतच राहतात. झाड ‘उन्मळतं’, तेव्हा ते मुळांसकट उपटलं जातं. दोन्हींना ‘झाड पडलं’ म्हणता येईल, पण मातीसाठी फरक खूप मोठा. मोडलेल्या झाडाखालची माती जागची हलत नाही, आणि बुंध्याला पुन्हा फुटवेही येऊ शकतात. उन्मळलेलं झाड मात्र खालची तांबडी-पिवळी माती वर काढतं. एका बाजूला खड्डा होतो, दुसऱ्या बाजूला ढीग. खड्ड्यात पाणी आणि पालापाचोळा साठतो. ढिगावर उघडी माती असते; तिथे बारीक बिया रुजतात.

वरचं छप्पर गेल्यामुळे ऊन थेट जमिनीवर येतं. पडलेली पानं भराभर कुजतात आणि मातीला एकदम खत मिळतं. पण इथला पाऊस तुम्हाला माहीतच आहे! ते खत मुळांनी लवकर घेतलं नाही, तर वाहून जातं. म्हणून उन्हाची आवड असलेली, घाईने वाढणारी झाडं आधी येतात. पिवळ्या फुलांचं ‘सिंपोह एर’ त्यातलंच, आपल्या कोकणातल्या करमळाचं भावंडं. कधीकधी मात्र नेच्याची दाट गोधडी सगळी जागा व्यापते, आणि खालच्या रोपांना वर्षानुवर्षं ऊन मिळत नाही.

11 फेब्रुवारी 2011 ला मंडाईच्या जंगलात अशीच मोठी पडझड झाली. पुढची काही वर्षं संशोधकांनी तिथली झाडं आणि माती, दोन्हींची नोंद ठेवली. पडलेल्या लाकडाखाली काय चाललंय, ते बघायला लोक पुन्हा पुन्हा जात राहिले, हे मला फार आवडलं.

कारण आम्हाला जाता आलं नव्हतं. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. काय नाव ठेवलंय बघा! श्रीवर्धनला माझ्या मामाची सुपारीची वाडी आहे. करोनामुळे विमानं बंद होती, त्यांच्याकडे वीज नव्हती, फोन लागत नव्हता. कितीतरी दिवसांनी मामाचा आवाज ऐकला. तो एवढंच म्हणाला, “अगं, वाडीतून समुद्र दिसतोय.” तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. आधी मध्ये झाडं होती, म्हणून समुद्र दिसत नव्हता.

सुपारी मोडली की संपली. तिला वाढीचा कोंब एकच, आणि तो शेंड्याला. करमळासारखी ती बुंध्यातून फुटत नाही. नवीन रोप लावलं तर फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. शिवाय लहान रोपाला ऊन सोसत नाही. जंगलात सावली करणारी झाडं आपोआप येतात. वाडीत ती माणसाला लावावी लागतात. मामाने केळी लावल्या. गुडघे दुखत असताना, सत्तरीत.

परवा व्हिडिओ कॉलवर त्याने वाडी दाखवली. सुपाऱ्या केळींच्या वर गेल्यात. आता केळी काढायच्या की अजून एक वर्ष ठेवायच्या, यावर तो आणि मामी भांडत होते. समुद्र थोडासाच दिसत होता.