वसईच्या चिखलात घोडा का नाही?

चर्चगेटहून विरार लोकल पकडा. भाईंदर सुटलं की गाडी खाडीवरच्या लांबलचक पुलावर येते. पूल ओलांडला की आलाच वसई तालुका! नायगाव, वसई रोड, नालासोपारा आणि विरार ही त्याची स्टेशनं. २००९ साली इथं वसई-विरार महानगरपालिका झाली आणि २०१४ साली पालघर हा नवा जिल्हा. स्टेशनाबाहेर पाहाल तिकडे इमारतीच इमारती. पण जरा पश्चिमेला, निर्मळ-आगाशीच्या वाटेला लागा. केळी, नारळ आणि फुलांच्या वाड्या अजून दिसतात. पूर्वेला तुंगारेश्वरच्या डोंगराकडे वळलात, तर भाताची खाचरं भेटतात.

आता एक प्रश्न. परदेशातल्या चित्रांत शेत नांगरणारे दांडगे घोडे तुम्ही पाहिले असतील. खांबासारखे पाय, मोटारीसारखं धूड! मग आपल्या शेतात बैलच का? घोडा का नाही?

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे घोडे नसतील. छे! घोड्यांची या किनाऱ्याला चांगली ओळख होती. तेराव्या शतकाच्या अखेरच्या काळातला प्रवासी मार्को पोलो ठाण्याबद्दल काय सांगतो ठाऊक आहे? इथल्या राजाचा म्हणे समुद्री चाच्यांशी करार होता. लुटलेल्या जहाजांवरचे घोडे राजाचे आणि बाकीचा माल चाच्यांचा! पुढे १८७४ ते १९०५ या काळात मुंबईत ट्रामगाड्या ओढल्या त्याही घोड्यांनीच.

पण रुळांवरची ट्राम वेगळी आणि गुडघाभर चिखल वेगळा. इथं दर पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. लावणीआधी खाचरात पाणी साठवून माती लोण्यासारखी मऊ करावी लागते. तिला म्हणतात चिखलणी. घोड्याचा खूर अखंड, वाटीसारखा. चिखलात तो रुतून बसतो. बैलाचा खूर मात्र दुभंगलेला. खाली टेकताना तो फाकतो आणि वर उचलताना मिटतो, त्यामुळे पाय सहज सुटतो. शिवाय आपल्या बैलाला वशिंड असतं. मानेवर जू ठेवलं की त्याला आयता अडसर मिळतो. घोड्याला ओढीसाठी खास गळपट्टा लागतो. आणि खाण्याचं काय? जड काम करणाऱ्या घोड्याला दाणा हवा. बैल मात्र भाताच्या पेंढ्यावरही भागवतो. म्हणजे शेतकऱ्याचं इंजिन त्याच्याच शेतात उगवलेल्या इंधनावर चालायचं! आहे की नाही गंमत?

वसईच्या वाड्यांमध्ये तर या इंजिनाला आणखी एक काम होतं. विहिरीवर रहाट असे. रहाटाच्या माळेला गाडगी बांधलेली. डोळ्यांवर झापड लावलेला रेडा किंवा बैल गोल गोल फिरायचा, गाडगी भरून वर यायची आणि पाणी पाटातून केळीच्या मुळाशी जायचं. विजेचे पंप आले आणि रहाट थांबले.

पण बैल म्हणजे कुठलाही बैल नव्हे बरं का! पालघरच्या डोंगराळ भागात, म्हणजे जव्हार-मोखाड्याकडे गेलात, तर पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके असलेली गुरं दिसतील. ही डांगी जात. नाशिक जिल्ह्यातलं इगतपुरी, नगर जिल्ह्यातलं (आता अहिल्यानगर) अकोले आणि गुजरातमधलं डांग हा तिचा मुलूख. ठिपक्यांच्या ठेवणीवरून लाल, पारा, मणेरी अशी नावंही तिथले लोक देतात. डांगी बैल चालीला संथ, पण ताकदीला पक्का. त्याचे खूर काळेभोर आणि कठीण असतात. आणि त्याची कातडी! तिच्यातून एक तेलकट स्राव पाझरतो. पावसाचं पाणी अंगावरून निथळून जातं. जन्मतःच रेनकोट घालून आलेला बैल म्हणा ना!

हा रेनकोट त्याला कुणी दिला? अर्धा पावसानं आणि अर्धा माणसानं. धुवाधार पावसात जी जनावरं तगली नाहीत, त्यांचा वंश पुढे गेला नाही. जी तगली, त्यांतली निवड माणसानं केली. गोऱ्हा मोठा होताना मालकाला ठरवावं लागतं, याला कामाचा बैल करायचा की वळू म्हणून राखायचा? खच्चीकरण केलं की तो बैल झाला, त्याला वासरं होत नाहीत. म्हणजे वंश पुढे नेतो तो मोजका वळू. म्हणूनच त्याचे खूर, कातडी, पाय आणि स्वभाव पाहायचे. त्याची आई कशी होती, तेही पाहायचं. ही सारी वंशावळ गुराख्यांच्या डोक्यात असायची. वहीत नाही! अकोले तालुक्यातल्या राजूरला आणि इगतपुरीजवळच्या घोटीला डांगी जनावरांची प्रदर्शनं भरतात. जाणकारांच्या नजरा तिथं कशा फिरतात ते पाहण्यासारखं असतं.

आता त्या दांडग्या घोड्यांकडे वळू. इंग्लंडच्या पूर्वेला सफोक परगणा आहे. तिथली माती चिकट. त्या मातीसाठी तिथल्या शेतकऱ्यांनी सफोक पंच नावाचा घोडा घडवला. इंग्लंडच्याच शायर घोड्याच्या पायांना झुपकेदार केस असतात. सफोकचे पाय मात्र जवळजवळ साफ, म्हणजे चिखल चिकटायला नको! रंग सगळ्यांचा तांबूस, आणि त्यातही सात छटा मानतात. आपल्या डांगीसारखंच की!

फरक एवढाच, की १८८० साली त्या लोकांनी वंशावळीची नोंदवही छापली. त्या नोंदींवरून आज सांगता येतं, की जगातले सगळे सफोक घोडे १७६८ साली जन्मलेल्या एकाच घोड्याचे वंशज आहेत.

पण नोंदवही काही घोड्यांना वाचवू शकली नाही. ट्रॅक्टर आले, काम गेलं, कामाबरोबर घोडेही गेले. १९६६ साली या जातीच्या अवघ्या नऊ शिंगरांची नोंद झाली. फक्त नऊ! नंतर काही जिद्दी माणसांनी ती जात टिकवली. कोणाशी कोणाची जोडी लावायची, हे ठरवायला तीच जुनी वही कामी आली. थोडीच जनावरं उरली की जवळच्या नात्यात वंश वाढतो आणि जात दुबळी होते. वही असली तर ते टाळता येतं.

आपल्याकडेही पॉवर टिलर आणि ट्रॅक्टर आले. शेतकऱ्याचे कष्ट वाचले, हे चांगलंच झालं. पण बैलाचं काम गेलं की वळू राखायचा कशाला, असा प्रश्न येतो. चांगला वळू राखला नाही, की दोन-चार पिढ्यांत ठिपके राहतील, रेनकोट हरवेल! तो परत विकत आणायला जगात दुकान नाही.

म्हणून हरियाणातल्या कर्नालची राष्ट्रीय संस्था देशातल्या गुरांच्या जातींची नोंद करते. डांगी त्या यादीत आहे. २०१८ साली आपल्या किनाऱ्यावरची लहानखुरी, काटक कोकण कपिला गायही त्यात आली.

मात्र घरोघरच्या गोठ्यांच्या आठवणी त्या यादीत सापडणार नाहीत. त्या आजी-आजोबांकडे आहेत. या सुट्टीत त्यांना विचारा. आपल्याकडची शेवटची बैलजोडी कोणती? तिची नावं काय? कुठल्या बाजारातून आणली? रंग कसा होता? पावसात कशी चालायची? सांगतील ते तारीख घालून वहीत उतरवा. आई-बाबांनाही सोबत बसवा. त्यांनाही यातलं बरंच ठाऊक नसेल!