आवर्तनाची सम

फॅल्सिपॅरम मलेरियाचा परजीवी डासाच्या लाळेतून आपल्या शरीरात शिरतो, तेव्हा त्याच्या अंगावर सर्कमस्पोरोझोइट नावाच्या प्रथिनाचं दाट आवरण असतं. या प्रथिनाच्या मधल्या पट्ट्यात ॲस्पॅराजीन, ॲलनीन, ॲस्पॅराजीन, प्रोलीन या ॲमिनो आम्लांची चौकडी सुमारे ४० वेळा येते. लिहिताना तिला एनएएनपी म्हणतात. टी-रेक्ससारखं संगणकीय साधन ही आवर्तनं चटकन हुडकतं, एकक चार आम्लांचं आहे हेही सांगतं. पण मात्रा मोजता आल्या म्हणजे सम सापडली असं नव्हे. तीच माळ एनपीएनए अशीही वाचता येते, आणि एनएमआर व स्फटिकरचनेच्या अभ्यासांत साखळी वळण घेते ते चार मणी एनपीएनए हेच निघाले. म्हणून मला वाटतं, आवर्तनाची लांबी साधनाने सांगावी. एकक कुठून सुरू होतं, हे रचना पाहून माणसाने ठरवावं आणि तो निर्णय नोंदीत उघड दिसावा.

सुरुवात कुठूनही धरली तरी मोजणी तीच येते, मग एवढा खल कशाला, असं कुणी विचारेल. जी-प्रथिनाचा बीटा घटक पाहा. त्यात डब्ल्यूडी-४० आवर्तनांची सात पाती पंख्यासारखी गोलाकार बसलेली असतात, प्रत्येक पात्यात चार पट्ट्या. ॲमिनो आम्लांच्या क्रमावरून पाडलेलं एकक मात्र एका पात्याची बाहेरची पट्टी आणि पुढच्या पात्याच्या आतल्या तीन, असं बनतं. त्यामुळेच साखळीच्या सुरुवातीची पट्टी शेवटच्या पात्यात जाऊन बसते आणि अंगरख्याचे बंद बांधावेत तसं वर्तुळ मिटतं. ही क्रमातली सीमा जशीच्या तशी उचलून पातं कापायला गेलं, तर हाती दोन पात्यांचे तुकडे येतात. रिपीट्सडीबी हा आवर्तनी प्रथिनांचा संग्रह मला मोलाचा वाटतो तो यासाठी: तो एककांच्या सीमा त्रिमितीय रचनेवर आखतो, आणि जाणकारांनी तपासलेल्या नोंदी वेगळ्या ओळखू येतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आता अल्फाफोल्ड ही एआय प्रणाली कोणत्याही क्रमाची अंदाजी रचना देते, मग माणसाची नजर कशाला? पण अल्फाफोल्ड-२ने हुबेहूब आवर्तनं जोडून केलेल्या कित्येक कृत्रिम क्रमांनाही मोठ्या खात्रीने बीटा-सोलेनॉइडचा, म्हणजे गुंडाळीसारखा, आकार दिला आहे. असं चित्र समोर आलं की अल्फाफोल्डने दिलेला विश्वासाचा आकडा बाजूला ठेवून आधी गाभा पाहावा. तिथे एकाच विद्युतभाराची आम्लं उतरंडीसारखी एकावर एक रचलेली दिसली, तर ते प्रथिन पाण्यात तसं उभं राहणार नाही.