इंजिनाचा रोजमेळ

मुठीत मावणाऱ्या या इंजिनाला तेलाची वेगळी टाकी नसते. ही एक गोष्ट ज्याच्या ध्यानात आली, त्याला नायट्रो इंधनावर धावणाऱ्या रिमोट मोटारीचे निम्मे शास्त्र कळले म्हणावे. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचे मिश्रण हेच तिचे इंधन. त्यात नायट्रोमिथेन साधारण १६ ते ३० टक्के असते आणि तेल एरंडेल किंवा कृत्रिम. पिस्टनला आणि बेअरिंगला मिळणारे वंगण इंधनाबरोबरच येते. त्यामुळे वेगाच्या हव्यासापायी इंधन कमी केले की वंगणही कमी होते. आणि गंमत अशी की, जाम होण्याच्या थोडेच आधी हे इंजिन सर्वांत जोमाने धावते. नवशिक्याला ते यश वाटते.

या इंजिनात ठिणगीही नसते. अमेरिकेच्या रे आर्डेन यांनी १९४७ च्या सुमारास ग्लो प्लग बाजारात आणला, तेव्हापासून छोट्या इंजिनांना कॉइल व बॅटरीचे ओझे वाहावे लागले नाही. प्लगमधील प्लॅटिनम मिश्रधातूची बारीक तार सुरू करतेवेळी दीड व्होल्टच्या सेलने लाल करावी लागते. पुढे मिथेनॉलची वाफ आणि प्लॅटिनम यांच्या संयोगाने, तसेच ज्वलनाच्या उष्णतेने ती आपोआप तप्त राहते.

कार्ब्युरेटरवर दोन सुया असतात, एक भरवेगाची व एक मंदवेगाची. सुई घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवली की इंधन घटते, उलट फिरवली की वाढते. इंधन जास्त झाले तर दाट धूर निघतो आणि गाडी अडखळत वेग घेते. कमी झाले तर धूर दिसेनासा होतो, इंजिन तापते आणि थ्रॉटल सोडला तरी वेग लवकर उतरत नाही.

सांगलीत हळदीची अडत असलेल्या एका घरी पंधरा वर्षांच्या नातवाकडे अशी मोटार आली. सुट्टीतील दोन आठवडे तो रोज सुया फिरवीत होता. सकाळी धूर फार म्हणून सुई आत, थोड्या वेळाने इंजिन तापले म्हणून सुई बाहेर, पुन्हा टाकी भरली की धूर. अखेरीस त्याने जाहीर केले की इंजिन खराब निघाले, नवे घ्यावे. वडील पैसे देण्यास तयारही झाले. आजोबांनी मात्र हात आडवा केला. त्यांना यंत्रातले काही कळत नव्हते, पण पन्नास वर्षे रोजमेळ लिहिलेल्या माणसाला जमाखर्चातील तफावत कशी शोधावी हे ठाऊक होते.

"दोन आकडे एकदम बदलतोस, मग चूक कुठली ते कसं सापडणार?" त्यांनी विचारले, आणि एक जुनी वही पुढे केली.

"पण आजोबा, तुम्हाला यातलं..."

"मला नाही कळत. तू लिही. मी वाचतो."

नातवाने लिहिले: टाकी भरलेली असताना काय होते, अर्धी झाल्यावर काय, तळाशी आल्यावर काय. सुईला हात लावायचा नाही, असा आजोबांचा दंडक होता. तिसऱ्या टाकीनंतर पानावर एकच गोष्ट पुन:पुन्हा दिसू लागली. पहिली अर्धी टाकी सुरळीत. इंधन खाली गेले की इंजिन कोरडे होऊन किंचाळते. सुई तीच, हवा तीच, मग फरक कशाने? सायलेन्सरमधून एक नळी टाकीत दाब पोहोचवते आणि त्या दाबानेच इंधन वर ढकलले जाते. तो दाब कुठे तरी निसटत असला तर भरलेल्या टाकीत उणीव जाणवत नाही, रिकामी होत जाणाऱ्या टाकीत जाणवते.

टाकी काढून, रिकामी करून ती पाण्यात बुडवली. मिथेनॉल विषारी, म्हणून तोंडाने न फुंकता सिरिंजने हवा भरली. झाकणाच्या कडेने बुडबुडे आले. झाकणाखालची रबरी कडी चिरली होती. चहाच्या किमतीची वस्तू! तिच्यापायी चांगले इंजिन भंगारात जाणार होते.

नवी कडी बसवल्यावर दोन्ही सुया उत्पादकाने सांगितलेल्या मूळ स्थानी, म्हणजे इंधन जास्त अशा बाजूला आणल्या गेल्या. मग भरवेगाची सुई आधी, आठवा हिस्सा फेरा एका वेळी, आणि प्रत्येक बदलानंतर एक धाव. सिलिंडरच्या माथ्यावर टाकलेला पाण्याचा थेंब तीन-चार सेकंद सळसळत आटला तर ठीक, पडताच उडाला तर इंधन वाढवायचे. मंदवेगाला कार्ब्युरेटरजवळ इंधनाची नळी चिमटीत धरून पाहिली: दोन-तीन सेकंदांनी आवाज किंचित चढून इंजिन बंद पडले, म्हणजे मंदवेगाची सुई जागेवर आली. सतत धुराची पुसट रेघ निघत राहावी, एवढे इंधन त्याने मुद्दाम ठेवले. वेग थोडा कमी भरला. नातवाने कुरकूर केली, पण सुई आत नेली नाही.

गाडी गवतावर चालवायची नाही, अंगण झाडून मगच चालवायची, ही जयणा आजीने पहिल्याच दिवशी सांगितली होती. चातुर्मासात तर ती बाहेर काढायचीच नाही असे ठरले. मिथेनॉल हवेतील ओलावा शोषते आणि चार महिन्यांत बेअरिंग गंजते. म्हणून आषाढ शुद्ध चतुर्दशीच्या आधी टाकी रिकामी करून, उरलेले इंधन जाळून, कार्ब्युरेटरमध्ये व प्लगच्या छिद्रात तेलाचे थेंब सोडून चक्र हाताने फिरवले गेले. पिस्टनला कड्या नसतात. तो वरच्या टोकाला निमुळत्या सिलिंडरमध्ये घट्ट बसतो आणि तिथेच राहिला तर अडकतो. नातवाने तो खालच्या टोकाला आणला, फ्लायव्हीलवर पेन्सिलीची खूण केली आणि वहीत तारीख टाकली.